मला घरी जायचंय

‘ताई, आईला डिमेन्शिया होऊन तीन वर्षं झाली. रोज संध्याकाळी ती पिशवी भरून दाराशी उभी राहते आणि म्हणते, मला घरी जायचंय. हे घर तिचंच आहे. मग विचारते, हे अजून आले कसे नाहीत? बाबा गेले, असं सांगितलं की हंबरडा फोडते आणि तासाभरानं पुन्हा तेच विचारते. खोटं बोलायला माझं मन धजत नाही. भाऊ फोनवरून सूचना करतो. शांत ठेवणारी एखादी गोळी मागून घेऊ का?’
– एक थकलेली लेक

बाबा गेल्याची बातमी आईला यापुढे देऊ नका. तुमच्यासाठी ती जुनी गोष्ट आहे, तिच्यासाठी दर वेळी नवी. बातमी विसरते, पण मनावरचं सावट मागे उरतं आणि ते कशाचं हे तिला उमगत नाही.

एके काळी अशा माणसांना वार, तारीख, ठिकाण सारखं सांगून भानावर आणण्यावर भर असे. नेओमी फाइल या समाजकार्यकर्तीनं उलट वाट धरली: तपशील दुरुस्त करू नका, त्यामागची भावना ऐका. या पद्धतीच्या परिणामांचे भक्कम पुरावे नाहीत, तरी रोजची भांडणं टाळायला मला हीच वाट बरी वाटते. खोटंही बोलावं लागत नाही. ‘बाबांची आठवण येतेय ना? ते तुला काय हाक मारायचे?’ यात खोटं काय आहे?

पिशवी हिसकावू नका. शेजारी बसा, ‘काय काय घेतलंस?’ म्हणा आणि एकेक कपडा काढून दोघी घड्या घालायला लागा. हातांच्या सवयी नावागावांपेक्षा जास्त काळ टिकतात. माझे सासरे मला ओळखेनासे झाले होते, पण टॉवेल दिला की चारही कोपरे असे जुळवत की माझ्या कपाटाची मला लाज वाटे. तरीही आई दाराशी गेलीच, तर अडवण्यापेक्षा सोबत एक चक्कर मारून या. परतताना पुष्कळदा ती घरी आल्यासारखीच आत येईल.

खरं काम मात्र त्याआधीचं. दिवेलागणीची बेचैनी या आजारात नेहमीची असते. अंधारायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा, कारण काळ्या काचेतलं आपलंच प्रतिबिंब तिला परकं माणूस वाटू शकतं. टीव्हीवरच्या बातम्या बंद. तिच्या विशीतली गाणी लावा, पण ती दाराशी गेल्यावर नव्हे, अर्धा तास आधी. आठवडाभर वहीत टिपून ठेवा: किती वाजता, त्याआधी काय झालं, काय केल्यावर शांत झाली. आणि कृपा करून पाहुण्यांना ‘मी कोण, ओळखा बघू’ ही परीक्षा घेऊ देऊ नका.

‘घरी जायचंय’ म्हणजे कधीकधी ‘दुखतंय’ असंही असतं. पोट साफ आहे ना, लघवीला जळजळ नाही ना, चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे ना, हे बघा. एक-दोन दिवसांत अचानक फार बिघडली तर थेट डॉक्टरांकडे न्या.

आता गोळीबद्दल. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005मध्येच दिला. ती स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागली, तर डॉक्टर विचार करतील. चालू असलेलं औषध मात्र मनानं बंद करू नका.

राहिला भाऊ. ‘जरा मदत कर’ असं त्याला सांगू नका, त्यातून सूचनाच येतील. ‘मंगळवार आणि शुक्रवार, चार ते आठ, आई तुझ्याकडे,’ असं सांगा आणि त्या वेळी घराबाहेर पडा.