पदवीधरची नोंदणी करताना

विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघातही मत देता येईल, असं लोकांना सांगत फिरू नकोस. पदवीधरची यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळचं नाव चालत नाही. नमुना १८, म्हणजे पदवीधर मतदार नोंदणीचा अर्ज, भरून घे. पदवी १ नोव्हेंबरच्या किमान ३ वर्षं आधीची हवी. पुणे मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात. एवढ्या भागात प्रत्येकाचं नाव नव्याने नोंदवायचं, म्हणून माझ्या मते खरी लढाई नोंदणीचीच, भाषणं नंतर. (जिल्हा परिषदेला ही कटकट नाही, तिथे विधानसभेचीच यादी गट-गणांत, म्हणजे तिथल्या छोट्या मतदारसंघांत, फोडतात.)

मतदारालाही नीट समजावून सांग. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेनानेच उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. बरोबरची खूण केली की मत बाद, आणि चांगली शिकलेली माणसं ती करतात! १ कुणालाच दिला नाही, तर पुढचे २, ३ लिहूनही उपयोग नाही.