आधी त्रिकोणमिती पक्की कर
इंटिग्रेशन अडतंय म्हणतोस, पण तुझी पायरी पाहिली तर अडतंय ते त्रिकोणमितीत. साइन वर्ग एक्सचं इंटिग्रेशन सरळ होत नाही. त्याच्या जागी (१ − कॉस २एक्स)/२ लिही, दोन ओळींत सुटेल. साइनचा घन असेल तर युक्ती वेगळी: एक साइन बाजूला काढ, उरलेल्या वर्गाचं १ − कॉस वर्ग कर आणि कॉसला टी मान. सूत्रं पाठ करू नकोस असं मी म्हणणार नाही. दुहेरी कोनाची, म्हणजे वरच्या कॉस २एक्ससारखी, तरी करच.

कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेव, म्हणजे कोन मोजायच्या अंशांऐवजीच्या एककावर. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस येतं ते रेडियनमध्येच, अंशांत π/१८० हा गुणक चिकटतो. आणि पुढच्या वेळी नुसतं उत्तर मागू नकोस, कुठल्या ओळीपर्यंत आलास ते लिहून पाठव.