वाचकांचे प्रश्न : वाजणारा बाक

प्रश्न : पंचवटीतील आमचा जुना वाडा उतरवला, तेव्हा निघालेल्या सागवानी फळ्यांतून मी नातवंडांसाठी एक बाक केला. बाकाच्या पाठीवर नागमोडी उतरती खाच पाडली असून वरून सोडलेली गोटी वाटेतल्या लाकडी पट्ट्यांवर पडावी आणि त्यातून सूर निघावेत, अशी कल्पना होती. बसण्याच्या फळीखाली खेळण्यांसाठी खण आहे. काम मे महिन्यात पुरे झाले. परंतु दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट बसवलेल्या पट्ट्यांतून नुसता थडथड आवाज येतो, गोटी वळणावर बाहेर उडते आणि जुलै लागल्यापासून खण जागचा हलत नाही. बाक न मोडता हे सुधारता येईल का?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : येईल, आणि त्यासाठी फारसे नवे लाकूडही लागणार नाही. तुमच्या तीनपैकी दोन अडचणींचे, म्हणजे पट्ट्या आणि खण यांचे, मूळ एकच आहे : लाकडाला जेथे मोकळीक हवी होती, तेथे ते आवळले गेले आहे.

पट्ट्यांपासून सुरुवात करू, कारण बाकाचा जीव त्यांच्यात आहे. लाकडी पट्टीवर आघात झाला की तिची दोन्ही टोके आणि मधला भाग वरखाली थरथरतो. मात्र प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्के अंतरावर एक जागा जवळजवळ स्थिर राहते. पट्टीला आधार द्यायचा तो या दोनच जागी. तुम्ही नेमकी टोके बांधून टाकल्यामुळे नाद उमटण्याआधीच विरतो. ३०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीत दोन्ही टोकांपासून ६७ मिलिमीटरवर आडवे भोक पाडून त्यातून सुती दोरी ओवावी आणि पट्टी त्या दोरीवर तोलून धरावी, किंवा त्याच जागी खाली नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) तुकडे ठेवून तिला नुसते टेकवावे. स्क्रू काढून हा एवढा बदल केलात, तरी पट्टी बोलू लागेल.

आता सुरांचे. जाडी आणि लाकूड सारखे असेल, तर पट्टीचा सूर तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो, म्हणजे वरचा षड्ज मिळवण्यासाठी लांबी निम्मी करावी लागत नाही, ३०० मिलिमीटरची सुमारे २१२ केली की पुरते. रुंदीचा या सुरावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. माझा आग्रह असा, की पट्ट्या भूप रागाच्या सुरांत लावाव्यात. सा, रे, ग, प, ध आणि वरचा सा यांच्यासाठी ३००, २८३, २६८, २४५, २३२ आणि २१२ मिलिमीटर ही मापे हिशेबाने येतात. या पाच सुरांत कोणताही सूर कोणत्याही सुरानंतर वाजला तरी कानाला खटकत नाही, त्यामुळे मुलांनी पट्ट्यांची अदलाबदल केली तरी प्रत्येक वेळी काहीतरी गोडच ऐकू येईल, आणि अदलाबदल करता यावी म्हणूनच पट्ट्या सुट्या ठेवाव्यात. प्रत्येक पट्टी मापापेक्षा चार-पाच मिलिमीटर लांब कापा आणि तानपुऱ्याशी किंवा पेटीशी ताडून पाहत टोकाला कानस मारत चला. टोक घासले की सूर चढतो. फार चढला, तर खालच्या बाजूला मधोमध थोडे लाकूड खरवडले की तो उतरतो. साग चांगला वाजतो, शिसव त्याहून खणखणीत.

गोटी उडते ती वेगामुळे. साधारण १६ मिलिमीटरच्या काचेच्या गोटीला २० ला १ एवढा उतार, म्हणजे ९०० मिलिमीटर अंतरात ४५ मिलिमीटर, पुरेसा होतो. वळणाच्या आधी उतार आणखी कमी करावा आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला गोटीच्या उंचीएवढी सागाची पातळ पट्टी चिकटवावी. वाजणाऱ्या पट्टीवर पडताना मात्र गोटीला तीस-चाळीस मिलिमीटरची मोकळी उडी मिळू द्या, नाहीतर ती नुसती घसरत जाईल. हा बदल आधी पुठ्ठ्यावर करून पाहावा. मुलांच्या हाती तो पुठ्ठा दोन दिवस दिलात, तर तुमच्या आराखड्यात न सुचलेल्या चुका त्यांना पहिल्या तासात सापडतील.

खणाचे कारण नाशिकचा उन्हाळा आणि पावसाळा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु आडव्या दिशेने दमट हवेत फुगते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत काटेकोर बसवलेला १५० मिलिमीटर उंचीचा खण पावसाळ्यात एक-दीड मिलिमीटर सहज वाढतो. तेव्हा आत्ता तो ओढूनताणून काढू नका आणि रंधाही मारू नका. दिवाळीनंतर तो आपोआप सैल होईल, त्या वेळी वरच्या कडेवरून दोन मिलिमीटर काढा, सरकत्या कडांना मेण चोळा आणि आतबाहेर सर्व बाजूंना सारखेच पॉलिश द्या. बसण्याची फळी ४५० मिलिमीटर रुंद असेल, तर ती तीन-चार मिलिमीटर हलेल. तिची भोके लांबट करून स्क्रू बसवा, नाहीतर एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात ती मधोमध तडकेल.

आता यात दिवे, घंट्या किंवा मोटार घालण्याचा मोह होईल. माझे मत विचाराल, तर घालू नयेत. वाड्याच्या ओटीवरचा पितळी कड्यांचा झोपाळा पायाच्या एका रेट्याला उत्तर देत असे. या बाकालाही हाताने सोडलेली गोटी पुरे आहे.

प्रश्न : असाच बाक दोन वर्षांच्या नातीसाठी करायचा आहे. जुन्या फळ्यांवर तैलरंगाचे थर आहेत. ते घासून काढावेत का, आणि वरून काय लावावे?
— एक आजी, देवळाली

उत्तर : आधी गोटीचा विचार करा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती ४४.५ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचा चेंडू देऊ नये, कारण तो घशात अडकू शकतो. तुमच्या बाकात ५० मिलिमीटरचे लाकडी चेंडू घ्या आणि खाच त्यानुसार रुंद करा. हलणाऱ्या भागांमधली फट ५ मिलिमीटरहून कमी तरी ठेवा किंवा १२ मिलिमीटरहून मोठी तरी. मधल्या मापात बोट चिमटते.

जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. म्हणून तो रंग कोरडा घासू नये आणि जाळूनही काढू नये. ती धूळ आणि वाफ दोन्ही घातक असतात. मला विचाराल, तर रंगीत फळ्या मुलीपासून दूर, दुसऱ्या कामाला वापराव्यात आणि बाकासाठी रंग न लागलेल्या फळ्या निवडाव्यात. रंधा मारण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधा, नाहीतर पाते जाईल.

वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पातळ हात द्या. हीच लाख औषधी गोळ्यांवरही चढवली जाते. जवसाचे तेल लावणार असाल, तर शिसे किंवा इतर धातूंची वाळवणी (तेल लवकर वाळवणारी द्रव्ये) न घातलेले तेल घ्या. तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि त्या आपोआप पेटू शकतात. बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.