ॲडॅप्टिव्ह सस्पेन्शन असलेल्या फॅमिली कारला थोड्या कमी उंचीच्या स्प्रिंग बसवल्या तर चालतील का?

चालतील, पण गाडी १५ ते २५ मिमीच खाली येऊ द्या. ॲडॅप्टिव्ह शॉकअब्सॉर्बर फक्त डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी शमवण्याचा जोर) कमी-जास्त करतो. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंगच. त्यामुळे मूळ शॉकअब्सॉर्बर तसेच ठेवता येतात. (एअर सस्पेन्शन असेल तर गोष्टच वेगळी, तिथे स्प्रिंग बदलायचा प्रश्नच येत नाही.)

खरी अडचण सस्पेन्शनला वर-खाली हलायला लागणाऱ्या जागेची. गाडी खाली आली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. मागे तिघं बसली, डिकी भरली की सस्पेन्शन बंपस्टॉपवर (टोकाला धक्का अडवणाऱ्या रबरावर) आदळतं, आणि मग कम्फर्ट मोड लावून काही उपयोग नाही. म्हणून स्प्रिंग किंचित कडक आणि तुमच्या मॉडेलच्या ॲडॅप्टिव्ह व्हेरियंटसाठीच बनवलेली घ्या. मूळ स्प्रिंग कापून घेणं हा शुद्ध वेडेपणा.

काम करताना शॉकअब्सॉर्बरची वायर ताणू देऊ नका. बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा, हे बरेच मेकॅनिक विसरतात. नंतर व्हील अलाइनमेंट कराच. हाइट सेन्सर असतील तर तेही कॅलिब्रेट करून घ्या, नाहीतर हेडलाइटचा झोत चुकतो.