बेल वाजली की आमचा मोती सुटतोच

प्रश्न: आमचा मोती दोन वर्षांचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा आहे. बेल वाजली किंवा लिफ्टचं दार आपटलं की भुंकणं सुरू, ते दहा मिनिटं थांबत नाही. त्याच्यावर ओरडून माझा घसा बसला, त्यात शेजारच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केलीय. शॉक कॉलर, तो भुंकल्यावर विजेचा झटका देणारा पट्टा, घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: कॉलर अजिबात नको. झटक्याच्या भीतीने भुंकणं थांबेलही कदाचित, पण भीती आतच राहते आणि एखाद दिवशी थेट चावूही शकतो. आणि तुम्ही ओरडता ना, त्याला वाटत असणार आईपण भुंकतेय! त्याच्या हिशोबाने बघा, कुरियरवाला येतो, हा भुंकतो, कुरियरवाला जातो, म्हणजे रोज जिंकतोय तो, कशाला सोडेल?

तुमच्याच बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि इतका बारीक लावा की नुसता कान हलेल, भुंकणार नाही. कान हलला की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या, असं पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. आवाज हळूहळू वाढवायचा. भुंकलाच तर आपण घाई केली, परत कमी करायचा. काही आठवडे जातातच याला. आणि घरात सगळ्यांनी हेच करायचं हं, आजोबांनी भुंकताना गप्प करायला बिस्कीट दिलं की संपलं, भुंकलं की बिस्कीट मिळतं हे तो लगेच शिकतो.

फिरवताना मनसोक्त हुंगू द्या, त्याने डोकं दमतं. खऱ्या बेलची प्रॅक्टिस करायची वेळ आली की काकूंनाच बोलवा वाजवायला, तक्रारही मिटेल.