वजन वाढलं की शुगर का वाढते? मधला दुवा नेमका कोणता?

मधला दुवा म्हणजे सूज. पाय मुरगळल्यावर येते ती नव्हे. ही दुखत नाही, दिसत नाही, वर्षानुवर्षं धुमसत राहते.

पोटातली चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नाही. तिच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की काही मरतात. मग मॅक्रोफेज नावाच्या सफाई-पेशी येतात आणि मेलेल्या पेशीभोवती अक्षरशः कडं करून बसतात. या सफाई-पेशींतून टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी द्रव्यं सुटतात (लठ्ठ उंदरांच्या चरबीत ते १९९३ मध्येच सापडलं होतं). ही द्रव्यं इन्सुलिनचा ‘रक्तातली साखर आत घ्या’ हा निरोप पेशीच्या आत पोचूच देत नाहीत. इन्सुलिन दार ठोठावतंय, आत कुणी ऐकत नाही! स्वादुपिंड काही वर्षं जादा इन्सुलिन पुरवतं, मग दमतं आणि रक्तातली शुगर वाढते. अर्थात सूज हे एकच कारण नव्हे. यकृतात साचलेली चरबी आणि आनुवंशिकताही आहेच.

‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो बघा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) दोघांचा २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. त्यामुळे वजनकाट्याबरोबर कमरेला टेपही लावा.