आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच का दाखवतो?

प्रश्न : भजनी मंडळासाठी वर्गणी काढून आम्ही १२ इंची चार स्पीकर आणले. मागे ८ ओहम छापलंय, पण मल्टिमीटर लावला तर चारही ६.३ दाखवतात. दुकानदार म्हणतो, 'असंच असतं.' मंडळातले काहीजण माल परत करा म्हणून हटून बसलेत. आम्ही फसलो का? आणि हे चारही एका मशीनला (ॲम्प्लिफायरला) जोडता येतील का? मशीनवर 'किमान ४ ओहम' लिहिलंय.
– एक वाचक, ता. कराड

उत्तर : फसला नाहीत. दुकानदार खरं बोलतोय, त्याच्याशी भांडू नका. उलट चारही स्पीकर ६.३च दाखवतात म्हणजे कॉइली (पडद्यामागची तांब्याच्या तारेची वेटोळी) एकसारख्या भरलेल्या आहेत. माल चांगला आहे.

आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२-०.३ ओहम दिसेल. तो तुमच्या वायरींचा. तो वजा केला की कॉइलचा खरा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), उरतो साधारण ६. आठ ओहमच्या बहुतेक स्पीकरांत तो साडेपाच ते सातच्या मध्ये कुठेतरी असतो.

मग आठ आले कुठून? हे सांगण्यापेक्षा करून बघा. मीटर ओहमवर ठेवून पिना स्पीकरला लावा. स्पीकर उताणा ठेवा आणि मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, अगदी हलक्या हातानं, सरळ खाली दाबा. आकडा उडेल. सोडलात की उलटा उडेल आणि हळूहळू पुन्हा सहावर येऊन बसेल. तांब्याची तार तर तीच आहे, मग आकडा का हलला? कारण कॉइल मॅग्नेटच्या फटीत हलली की ती स्वतःच वीज तयार करते, आणि त्या विजेनं मीटर गोंधळतो.

गाणं चालू असताना नेमकं हेच होतं. मशीन कॉइलला ढकलतं आणि हलणारी कॉइल उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) देते, त्यामुळे आत शिरणारा करंट कमी होतो. तारेचा रोध आणि हा उलटा दाब, शिवाय वेटोळ्यांमुळे उंच स्वरांना होणारी अडवणूक, या सगळ्याला मिळून इंपीडन्स म्हणायचं. तो स्वरागणिक बदलतो. तुमच्या मापाचा स्पीकर ५०-६० हर्ट्झच्या, म्हणजे खर्जाच्या, आसपास सगळ्यात सहज झुलतो, तिथे इंपीडन्स ४० ओहमच्याही वर जातो. पुढे काही शे हर्ट्झवर सात-आठपर्यंत उतरतो आणि झांजांच्या पट्टीत पुन्हा चढतो. छापलेला ८ हा या सगळ्या चढउताराला दिलेला एक आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाची अट एवढीच, की इंपीडन्स त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ६.४च्या खाली जाता कामा नये. मीटर मात्र बॅटरीवर चालतो आणि गप्प बसलेली कॉइल मोजतो, म्हणून त्याला फक्त तार दिसते.

तारही तापते, बरं का. कॉइल १०० अंशांनी तापली तर ६ ओहमचे ८.३ होतात. तास-दीड तास दणदणीत वाजवल्यावर आवाज बसल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हे आहे. अशा वेळी व्हॉल्यूम आणखी चढवू नका, कॉइल जळेल.

आता जोडणी. इथे मात्र मनापासून सावध करतो. चारही पॅरलल, म्हणजे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र, लावलेत तर ८ भागिले ४, म्हणजे २ ओहम. मशीन दाब तेवढाच देतं, पण करंट ४ ओहमच्या दुप्पट ओढला जातो. मी कामाला लागलो त्या वर्षी एका जत्रेत अशीच जोडणी केली होती. दुपारभर हळू आवाजात सगळं सुरळीत चाललं. रात्री पालखी आली तसा आवाज वाढवला आणि वीस मिनिटांत आउटपुटचे ३०५५ ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले. शॉर्ट झालेल्या ट्रान्झिस्टरमधून सरळ डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट, स्पीकरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी कोन कापून पाहिला तर कॉइल कोळशासारखी काळी, वेटोळी सुटून फटीत अडकलेली. ज्यांचा स्पीकर होता त्यांनी तो कर्ज काढून घेतला होता.

तुम्ही दोन-दोनच्या जोड्या करा. जोडीतले दोन सिरीजमध्ये, म्हणजे पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला. मग दोन्ही जोड्या एकमेकींना पॅरलल. एकूण ८ ओहम, मशीन निवांत. प्लस-मायनस चुकवू नका, एखादा उलटा लागला तर खर्ज पोकळ होतो. वायर लांब न्यायची असेल तर दीड स्क्वेअर एमएमची घ्या. २० मीटरच्या जाण्या-येण्यात ती अर्धा ओहमच खाते, बारीक वायर त्याच्या तिप्पट.

आणि मीटर कपाटात टाकू नका. मशीनला लावण्याआधी सगळ्या जोडणीच्या, मशीनकडे जाणाऱ्या दोन मुख्य टोकांवर तो धरा. ६च्या जवळपास आलं तर खुशाल सुरू करा. दीड आलं तर चारही पॅरलल झालेत, सोडवून पुन्हा जोडा.